किडींचा चातुर्मास

श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळी-कडधान्यं नाहीत. शिवाय आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण आणि वांगी बंद. हे नियम आमच्या सासूबाई लग्न होऊन या घरात आल्यापासून पाळतात आणि त्यात पुण्य आहे अशी त्यांची खात्री आहे. गच्चीवर भाजीपाला लावायला लागल्यापासून माझं मत जरा वेगळं झालंय. हा धर्म नाही, हा तह आहे. कुठल्याशा पावसाळ्यात आपल्या पूर्वजांनी मेथीच्या पानांची चाळण झालेली पाहिली, वांगं चिरून आत डोकावून पाहिलं आणि शहाण्या माणसाने जे करावं तेच केलं. चार महिने भाजीचा मळा किडींच्या नावे करून दिला आणि पराभवाला व्रत म्हणून टाकलं. एवढा मुत्सद्दीपणा नंतर आपल्याकडे फारसा कुणी दाखवलेला नाही.

तह मोडला तो आमच्या घरच्या अभियंत्याने. नवऱ्याने श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाचलं आणि गच्चीवर भाजी पिकवायचं ठरवलं. रंगाचे रिकामे डबे आले, निळं पिंप मधोमध कापून झालं, पालापाचोळ्याची पोती जिन्यातून वर चढली. सृष्टी विपुल आहे हे त्याला पहिल्याच हिवाळ्यात पटलं. नेमकी कुणासाठी विपुल, हे कळायला पावसाळा यावा लागला.

त्यातून 2025 चा पावसाळा! दरवर्षी मे महिन्यात कुंड्या रिकाम्या करून माती गच्चीवर पसरायची, हा आमच्याकडे वाळवणांच्या जागेवरून होणाऱ्या भांडणासकट पार पडणारा कार्यक्रम असतो. शेतकरी उन्हाळी नांगरट करतो, त्याचीच ही शहरी आवृत्ती. मातीत दडलेले कोष उघडे पडतात, काही उन्हाने मरतात, काही साळुंक्या टिपतात. त्या वर्षी ना कुरडया वाळल्या, ना माती. मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत येऊन धडकला. त्याची तिथली नेहमीची तारीख 11 जून. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. लवकर आलेला पाहुणा लवकर जाईल ही आशा किती खरी, ते मराठी माणसाला सांगायला नको. दिवाळीत आम्ही आकाशकंदिलाला प्लॅस्टिकची पिशवी घातली होती. पंचांगात त्या वर्षी अधिक मास नव्हता. किडींना तो मिळाला.

सगळ्यात आधी आला मावा. आभाळ भरून आलं, हवा कुंद झाली की चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर दोन-चार काळे ठिपके दिसतात. आपण म्हणतो, संध्याकाळी बघू. संध्याकाळी शेंडाच दिसत नाही. नवऱ्याने रात्री अभ्यास करून दुसऱ्या दिवशी जेवताना माहिती दिली. माव्याच्या वस्तीत एरवी नर नसतोच. मादी नराशिवाय, अंडी न घालता, थेट जिवंत पिल्लं देते. त्या सगळ्या मुलीच. आणि जन्माला येणाऱ्या मुलीच्या पोटात तिच्या मुली आधीपासूनच वाढत असतात. आठवड्याभरात ती स्वतः आई होते.

सासूबाईंनी घास हातात धरून विचार केला. “म्हणजे पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात?”

“हो.”

“आणि घरात पुरुष एकही नाही?”

“नाही.”

“मग बरोबर. कामं भराभर होणारच.”

त्या दिवसापासून चवळीवर साबणाचं पाणी मारायचं म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. “बाळंतिणी आहेत रे त्या,” असं त्या मागून हळूच म्हणायच्या आणि नवऱ्याच्या हातातला पंप अर्ध्यावर थांबायचा. शेंड्यावर फारच दाटी झाली की काही मुलींना पंख फुटतात आणि त्या दुसऱ्या कुंडीत जागा बघायला निघतात. पुण्यात कोथरूड भरल्यावर बावधन वसलं ते असंच.

माव्याचा खरा गुन्हा पुढेच आहे. तो झाडाचा रस गरजेपेक्षा कितीतरी जास्त पितो आणि उरलेला गोड चिकटा मागून सोडून देतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या खाऊन जात नाहीत, त्या माव्याची राखण करतात. माव्याला खाणारा कुणी आला तर त्याला चावून हुसकावतात. इथे घरातलं राजकारण सुरू झालं, कारण सासूबाई रोज सकाळी तुळशीपाशी मुंग्यांना चिमूटभर साखर घालतात.

“आई, तू शत्रूच्या फौजेला शिधा पुरवतेस,” नवरा म्हणाला.

“अरे, माझ्याकडे साखर मिळतेय तोवर त्या कशाला त्या उवांच्या पाठी लागतील? तू माझी साखर बंद कर आणि मग बघ.”

यावर त्याला उत्तर सुचलं नाही. मुंग्यांना माव्यापासून दूर ठेवायला साखरपाणी ठेवून बघण्याचे प्रयोग शास्त्रज्ञांनीही फळबागांमधून केले आहेत, हे त्याला त्याच रात्री सापडलं. जेवताना ते त्याने सांगितलं नाही. मी सांगितलं.

मग घरात दशपर्णी अर्काचं पर्व सुरू झालं. कडुनिंब, निर्गुडी, करंज, रुई, सीताफळ, पपई, एरंड, घाणेरी, गुळवेल, कण्हेर असा दहा झाडांचा पाला त्याला लागतो. खेड्यात तो बांधावर मिळतो. पुण्यात त्यासाठी एक अख्खा रविवार, एक स्कूटर आणि थोडा निगरगट्टपणा लागतो. सीताफळाचा पाला शेजारच्या बंगल्याच्या कुंपणावरून आला. रुई मारुतीच्या देवळाबाहेरच्या हारवालीने दिली आणि शनिवार सोडून रुई मागणारं हे कोण, म्हणून नवऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. घाणेरी टेकडीवरून आली. तिथली घाणेरी कुणी सगळीच नेली तरी टेकडी आभार मानेल. या पाल्यात शेण, गोमूत्र, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाटलेला लसूण घालून पिंपात महिनाभर आंबवायचं आणि रोज काठीने ढवळायचं. लसणाच्या नावाने सासूबाई उखडल्या. चातुर्मासात ज्या घरात लसणाची पाकळी येत नाही, त्या घरात पाव किलो लसूण आला, तोही किडींसाठी!

हिशेब कुणीच केला नव्हता. अर्काला महिना लागतो, माव्याच्या पिढीला आठवडा. ज्या माव्यासाठी हा घाट घातला, तिच्या पणत्या चवळीवर सुखाने नांदत असताना अर्क तयार झाला. तयार झाल्यावर फवारायचा कधी, हा आणखी एक प्रश्न. सकाळी मारावा तर दुपारच्या सरीत धुऊन जातो. निंबोळी अर्काचीही तीच कथा: त्यातलं मुख्य द्रव्य उन्हात टिकत नाही म्हणून तो संध्याकाळी मारायचा, आणि संध्याकाळी पाऊस. नवरा हातात पंप घेऊन जिन्याच्या दारात उभा, मोबाइलवर हवामान खात्याचं रडार, आणि वर्क फ्रॉम होमची मीटिंग कानात चालू, असं दृश्य आम्ही त्या ऑगस्टमध्ये फार पाहिलं. ऑफिसमध्ये त्याला कुणीतरी विचारलं की तू ‘आता उघडीप आहे, मारतो’ असं कुणाबद्दल म्हणालास.

अर्काचा वास मात्र पावसाने धुतला गेला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न आला: “गच्चीवर काही मेलंय का?” नवऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं, “अजून नाही. प्रयत्न चालू आहेत.”

वास खाली पोचला तसे सल्ले वर आले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चुलीतली राख भुरभुरवायला सांगितली. चूल कुठून आणायची ते सांगितलं नाही. वॉचमनने तंबाखूचं पाणी सुचवलं, पण स्वतःच्या पुडीला हात लावू दिला नाही. आंबट ताक, हिंग, कापूर, गोवऱ्यांचा धूर, सगळं सुचवून झालं. माझ्या मते सल्ला ही कीडच आहे. तीही ढगाळ हवेत वाढते, तिलाही नर-मादी लागत नाही आणि एका सल्ल्याच्या पोटात पुढचे दोन आधीच तयार असतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका मात्र कृतिशील. ते स्वतःचा चिमटा घेऊन आले आणि चवळीवरून काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी, इवल्याशा मगरीच वाटाव्यात अशा अळ्या वेचायला लागले. मूठभर वेचून झाल्यावर तळमजल्यावरची चौथीतली मुलगी वर आली आणि ओरडली, “आजोबा, ती लेडीबर्डची पिल्लं आहेत! ती मावा खातात!”

काकांनी डबीत पाहिलं. “लेडीबर्ड म्हणजे ती लाल, ठिपक्यांची, गोंडस?”

“हो.”

“आईवर नाही गेली,” काका म्हणाले आणि एकेक अळी मोजून परत चवळीवर ठेवली.

त्यांचा दोष नाही. या खात्यात चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही. ढालकिड्याची, म्हणजे या लेडीबर्डचीच, एक जात पिठ्या ढेकूण, म्हणजे हल्ली सगळे ज्याला मिलीबग म्हणतात तो, खाते. तिच्या अळीच्या अंगावर मिलीबगसारखाच पांढरा कापूस असतो. आमच्या जास्वंदीवर हा कापूस नेमका गणपतीच्या तोंडावर धरला. देवाला लाल फूल हवं आणि झाडावर पांढरी लोकर, त्यात शत्रू कोण आणि पोलीस कोण ते भिंगातून बघायचं. नवऱ्याने तेव्हा आम्हाला पपईवरच्या परदेशी मिलीबगची गोष्ट सांगितली. तो 2008 साली कोइंबतूरला सापडला आणि पसरत पसरत आपल्या पपईच्या बागांपर्यंत आला. शेवटी 2010 मध्ये त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या परोपजीवी माश्या सरकारने थेट पोर्तो रिकोहून आणवल्या, वाढवल्या, बागांमधून सोडल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला. “असं कुणीतरी आपणही बाहेरून बोलवायला हवं,” तो म्हणाला.

“आधी तुझ्या बहिणीला गौरीला बोलाव,” सासूबाई म्हणाल्या.

लिंबाच्या कुंडीने तर आम्हाला कायद्याच्या पेचात टाकलं. कोवळ्या पानांवर पक्ष्याने शिटावं तसं काहीतरी पडलेलं दिसलं, आणि ते दुसऱ्या दिवशी चालत पलीकडच्या पानावर गेलं. ही फुलपाखराची अळी. लहानपणी ती विष्ठेचं सोंग घेते, म्हणजे कुणी पक्षी तिला तोंड लावत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर दुबेळकं बाहेर काढून सडक्या फळासारखा वास सोडते. लिंबाला चार दिवसांत खराटा करते. बहुतेक वेळा ती साध्या लिंबाच्या फुलपाखराची असते. पण राणी पाकोळीची अळीही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढते, आणि राणी पाकोळी म्हणजे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. 2015 साली आपल्या सरकारने तिला तो मान दिला. राज्याला स्वतःचं फुलपाखरू असावं हे देशात सगळ्यात आधी आपल्याला सुचलं. आता ही समोरची विष्ठा साधी की राजमान्य, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. आंबा, शेकरू, हरियाल आणि ही. उगाच चिमटा लावायचा आणि नंतर कळायचं की राज्याच्या मानचिन्हावर हात टाकला! सगळ्यांनी मिळून ठरवलं की लिंबू बाजारातून आणायचं. यथावकाश कोषातून जे बाहेर आलं ते पिवळं-काळं, ठिपक्यांचं, अगदी सामान्य नागरिक निघालं. पण तोवर सासूबाईंनी त्याचं नाव राणीच ठेवलं होतं आणि ते उडून गेलं तेव्हा त्यांनी त्याला “ये हं पुन्हा” म्हटलं. ते आलं. अंडी घालायला.

दोडक्यावर फळमाशी. तिचं काम सोपं असतं: कोवळ्या दोडक्याच्या सालीत सुई टोचावी तशी अंडी घालायची आणि निघून जायचं. दोडका वाकडा होतो, एका बाजूने पिवळा पडतो आणि आतून अळ्यांसकट कुजतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यासाठी ‘रक्षक’ नावाचा सापळा काढलाय. त्यात गोळीचा वास असतो. काकडी, कारली, दोडक्यांसाठी त्याला क्यू ल्यूर म्हणतात. माशा त्या वासावर येतात, डबीत शिरतात आणि बाहेर पडत नाहीत. नवऱ्याने सापळा टांगला आणि चार दिवसांनी डबीचा तळ अभिमानाने दाखवला.

“हे सगळे नर,” तो म्हणाला. “या वासाला नरच फसतो.”

“नुसत्या वासावर?” सासूबाईंनी विचारलं.

“नुसत्या वासावर.”

“शेजारी भजी तळली की तुझे सासरे जिन्यातच रेंगाळायचे,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. मग त्यांनी जुनी सुती इंदुरी साडी काढली, तिच्या चिंचोळ्या पिशव्या शिवल्या आणि बोटाएवढ्या झालेल्या प्रत्येक दोडक्याला एकेक घातली. कीडशास्त्राच्या पुस्तकांतही फळं झाकण्याचा हा उपाय आहे, फक्त त्यात काठपदराचा उल्लेख नाही. त्या पावसाळ्यात आम्हाला खायला मिळाली ती भाजी एवढीच. दोडका. नवऱ्याला दोडका आवडत नाही.

आणि वांगी. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, आम्ही कांदेवांग्याची भाजी, भजी, भरीत असं सगळं एकदाच ओरपून घेतो आणि मग थेट चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा सुरू करतो. मधल्या काळात गच्चीवरची वांगी आपली वाढतच असतात. त्यांना खायला आम्ही नसतो, पण शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते. हिला साधीसुधी समजू नये. 2010 च्या सुरुवातीला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश हिच्यापायी सात शहरांत जनसुनावण्या घेत फिरले. त्यात आपलं नागपूरही होतं. जालन्याच्या महिको कंपनीने या अळीला मारणारं बीटी वांगं तयार केलं होतं, ते लावू द्यायचं की नाही हा प्रश्न होता. शेतकरी बोलले, शास्त्रज्ञ बोलले, संघटना बोलल्या, घोषणा झाल्या आणि 9 फेब्रुवारीला मंत्र्यांनी स्थगिती दिली. अळीची बाजू मांडायला कुणी नसताना निकाल तिच्या सोयीचा लागला. तो योग्य की अयोग्य यावर आमच्याकडे अजूनही भांडण होतं, आणि ते सहसा वांगं चिरतानाच होतं.

तिची राहणीही हुशारीची. आधी शेंड्यात शिरते. दुपारच्या उन्हात एखादाच शेंडा मान टाकतो, तेव्हा तो अळीसकट कापून टाकायचा असतो. फळं धरली की फळात. आत जाते तेव्हा ती नुकती जन्मलेली, केसाएवढी असते. तिने पाडलेलं भोक वांग्याच्या वाढीत बुजून जातं. आत बसून खाते, वाढते, आणि कोषात जायची वेळ झाली की ठसठशीत गोल भोक पाडून बाहेर पडते. म्हणजे आपल्याला दिसतं ते दार जाण्याचं, येण्याचं नव्हे. नवऱ्याने ही माहिती कागदावर चित्र काढून समजावली होती. त्या वेळी सासूबाई वाती वळत होत्या आणि ऐकत नाहीत असं आम्हाला वाटलं होतं.

26 नोव्हेंबरला चंपाषष्ठी होती. आदल्या दिवशी नवरा गच्चीवरून तीन वांगी घेऊन आला. भोकं पडलेली सगळी त्याने वरच टाकून दिली होती; ही तीन गुळगुळीत, जांभळी, चकचकीत. नैवेद्य घरच्या वांग्यांचा, या विचाराने त्याचा ऊर भरून आला होता. सासूबाईंनी वांगी हातात घेऊन फिरवली, चष्म्यातून पाहिली आणि सुरी मागितली. पहिलं वांगं कापलं. आत गुलाबीसर, तुकतुकीत, अंगाने भरलेली अळी होती. दुसऱ्यात दोन होत्या. तिसरं त्यांनी कापलंच नाही.

“चल गं, मंडईत जाऊ,” त्या मला म्हणाल्या.

मंडईत चंपाषष्ठीची गर्दी. भरताच्या वांग्यांचे ढीग, त्यावर पाणी मारलेलं. बायका एकेक वांगं उचलून, भोक दिसलं की बाजूला टाकत होत्या. सासूबाई एका मावशींच्या पाटीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, “भोकाची दाखव.”

“आजी, एकदम फ्रेश माल आहे. एक भोक सापडलं तर पैसे घेणार नाही.”

“तेच म्हणते. भोक नाही म्हणजे ती अजून आत आहे. भोक दिसलं म्हणजे बाहेर पडली. तेवढा भाग कापला की झालं. मला देवाला दाखवायचंय.”

शेजारी निवडत बसलेल्या दोघींचे हात थांबले. एकीने पिशवीतलं वांगं काढून उलटंसुलटं केलं. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, “हळू बोला की आजी,” म्हणाल्या आणि पाटीमागून गाईसाठी बाजूला ठेवलेली टोपली पुढे ओढली. सासूबाईंनी त्यातून तब्येतीने चार भोकाची वांगी निवडली. त्या दोघींपैकी एकीनेही त्या टोपलीत हात घातला.

“कशी दिली?”

“ती वरची वीस रुपये पाव,” मावशी म्हणाल्या. “ही पंचवीस.”

“का गं? किडकी आणि वर पाच रुपये जास्त?”

“रिकामी करून देतेय ना, आजी.”